बिनवासाचं स्वयंपाकघर

अस्वलाने डाव चाटला आणि तोच उष्टा डाव परत रश्शात बुडवला. वर टाळ्याही वाजवल्या.

“शी,” आग्नेसबाय म्हणाली. “ह्या जनावराला कोणी वळण लावलंय की नाही?”

रीमाने मान वर केली नाही. आग्नेसबायची ही नऊ वर्षांची नात बोळिंजच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालून बसली होती. हातात तो चपटा खेळ, दोन्ही अंगठे बटणांवर. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला तिच्या मामाने कॅनडाहून पाठवलेला. खेळातलं अस्वल खानावळ चालवायचं. ससे, बदकं, कोल्हे रांग लावून यायचे आणि अस्वलाने चिरायचं, तळायचं, वाढायचं. प्रत्येक पदार्थाशेजारी एक पट्टी असायची. पिवळी आहे तोवर कच्चं, हिरवी झाली की बटण दाबायचं, लाल झाली की करपलं. वेळेवर दाबलं तर तीन तारे. सगळ्या कुटुंबाने मिळून खेळावा असा खेळ आहे, असं खोक्यावर लिहिलं होतं.

आग्नेसबायला त्याची किळस यायची आणि ती ते लपवत नसे. त्यातला मासा साबणाच्या वडीसारखा, गुलाबी आणि चौकोनी. त्याला ना खवले, ना कल्ले, ना डोळा. पोट फाडायला नको, हात रक्ताने भरायला नको. कांदा चिरला तरी कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही. नको असेल ते बादलीत टाकायचं, बादली आपोआप रिकामी. मुलांना ह्यातून काय कळणार, की जेवण असं पुसलेल्या लादीवर उगवतं?

हे ती मोठ्याने बोलायची आणि रोशनी, तिची सून, ओठ मिटून घ्यायची. कारण आग्नेसबायला किळस एकट्या अस्वलाची येत नव्हती. फेब्रुवारीपासून तिला घरातल्या प्रत्येक घासाची किळस येत होती.

जानेवारीच्या मध्यावर तिला ताप आला आणि आठ दिवसांत उतरला. नंतर तीन आठवडे कशाचाच वास येईना. मग एका सकाळी रोशनीने कॉफी केली आणि आग्नेसबायला वाटलं, खाली कोणी टायर जाळतंय. दुपारी कांदा परतला तर तुंबलेलं गटार. लसणाला मेलेल्या उंदराचा वास. उकडलेलं अंडं नाकाशी नेलं आणि ती बेसिनकडे धावली. जे जे विस्तवावर गेलं ते सगळं एकाच घाणीचं झालं. त्यातल्या त्यात चालायचं ते थंड: दही, गार भात, काकडी. दात घासायची पेस्टसुद्धा तिला शिसारी आणायची.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. म्हणायची एवढंच, की आज तेल जुनं दिसतंय, आज मासा नीट बघून आणला नाहीस, आज फोडणीला कसलासा वास येतोय. रोशनी तीन महिने ऐकत होती. एकदा तिने केविनला, आपल्या नवऱ्याला, सांगितलं की मम्मींच्या घशाखाली माझ्या हातचं उतरत नाही, त्यांना होळी गावातल्या घरी नेऊन ठेव. भिंत पातळ. आग्नेसबायने ऐकलं, आणि तरी सांगितलं नाही.

न सांगण्याला कारण होतं.

एकोणीस वर्षांची असताना ती लग्न होऊन होळीत आली. तेव्हा त्या घराच्या चारी बाजूंना केळी आणि पानवेली होत्या, आणि पहाटे बागेत पाणी सोडलं की ओल्या मातीचा वास थेट उशीपर्यंत यायचा. दुसऱ्याच आठवड्यात तिने सासूला सांगितलं, माळ्यावरच्या बरणीतला शिरका बिघडलाय. सासू हसली, माळा कुठे आणि तू कुठे. शिडी लावून बघितलं तर बरणीच्या तोंडाशी बुरशी धरलेली. त्या मे महिन्यात बाटली मसाला भाजायचा दिवस आला तेव्हा सासू आपल्या पाटावरून उठली आणि नव्या सुनेला तिथे बसवलं.

बाटली मसाला म्हणजे त्या घराचा वर्षाचा मसाला. मिरच्या, धणे, जिरं, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, अगदी गहू आणि हरभरेसुद्धा. वीसबावीस जिन्नस, एकेक वेगळा भाजायचा, मग कांडून आणून काळ्या बाटल्यांत दाबून भरायचा. त्या घरची रीत अशी की भाजताना कोणी बोलायचं नाही. बोललं की लक्ष जिभेवर जातं आणि नाक झोपतं, असं सासू म्हणे. एक बाई मातीच्या खापरीत जिन्नस हलवत राहणार आणि पाटावरची बाई डोळे मिटून नुसती वास घेत बसणार. जिन्नस झाला की तिने डावा हात वर करायचा. हात वर झाला की त्या क्षणी खापरी उतरवायची. हात खाली असेपर्यंत कोणी खापरीला बोट लावायचं नाही.

बावन्न वर्षं तो हात आग्नेसबायचा होता. वाडीतल्या बायका सुकट घेऊन यायच्या, बाय, हुंगून बघा, बुरशी धरली नाही ना. तूप आणायच्या. एकदा तर जुन्या फादरांनी मिस्साच्या वाइनची बाटली पुढे केली होती. लग्न, बारसं, मयत, काहीही असो, जेवणाचं पातेलं उतरवण्याआधी कोणीतरी आग्नेसबायला हाक मारायचं.

आणि आता होळीच्या घरात राहणाऱ्या धाकट्या जावेचा, फ्लोरीचा, फोन आला होता. मिरच्या कडकडीत वाळल्या, बाय, दुसऱ्या शनिवारी या. नाक गेलंय म्हटलं असतं तर पाट फ्लोरीकडे गेला असता. मग आग्नेसबायकडे उरलं काय असतं? चौथ्या मजल्यावरची एक म्हातारी, जेवणाला नावं ठेवणारी.

दुपारी घरात कोणी नसे. केविन आणि रोशनी कामावर, रीमा उन्हाळी शिबिरात. एका दुपारी शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी सुके बोंबील भाजायला घेतले. खिडक्या लावल्या तरी ती घाण फटींतून आत आली. आग्नेसबाय पदर तोंडाशी धरून बसली आणि जीव दुसरीकडे रमवायचा म्हणून तिने टीपॉयवरचा खेळ उचलला. अस्वलाने टोपी हलवली. पहिली तीन पातेली तिने करपवली. एक बदक पाय आपटत निघून गेलं. चौथ्या वेळी एक तारा मिळाला.

तासाभराने तिच्या लक्षात आलं की तिने सूप केलं, पाव भाजले, तो साबणाचा मासा तळला, आणि एकदाही मळमळलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती कुठल्यातरी स्वयंपाकघरात बसली होती. तिला स्वतःचीच शिसारी आली. उभं आयुष्य विस्तवापुढे गेलं आणि शेवटी हे, काचेमागचं, बिनवासाचं. दुसऱ्या दुपारी तिने तो पुन्हा उचलला.

मग एका बुधवारी शिबिर लवकर सुटलं. रीमाने किल्लीने दार उघडलं तर घरभर धूर. गॅसवर तिच्याचसाठी ठेवलेलं दूध आटून, करपून, पातेल्याचा तळ काळा पडला होता, आणि तिथून चार पावलांवर आजी सशाला आम्लेट वाढत होती. रीमाने गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि आजीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“आजी, तुला वास येत नाही ना?”

“येतो.”

“मग?”

“सगळ्याचा एकच येतो. सडका. दूध तापलं काय, करपलं काय.”

रीमाने थोडा विचार केला. “म्हणजे तुझी पट्टी नेहमीच लाल.”

असली भाषा आग्नेसबायला आवडत नव्हती. पण इतकं नेमकं तिला स्वतःला सांगता आलं नसतं.

तिने रीमाकडून क्रुसाची शपथ घेतली, कोणाला सांगायचं नाही. आणि त्याच दुपारी, पातेलं घासता घासता, तिला ती कल्पना सुचली. वाईट कल्पना आहे हे तिला तेव्हाही कळत होतं. पोरीचं नाक शाबूत होतं, किंबहुना फारच शाबूत. सुकटीचा डबा उघडला की ती खोलीबाहेर पळायची. तेच नाक शनिवारी पाटाशेजारी बसवायचं.

दोन दुपारी त्यांनी सराव केला. छोट्या कढईत मूठभर धणे टाकायचे, आग्नेसबाय नाकाला ओला रुमाल लावून उभी राहणार आणि सांगणार, आधी गोणपाटाचा वास येईल, थांब, मग सुक्या गवताचा, तरी थांब, मग एकदम संत्र्याची साल कुस्करल्यासारखा, तेव्हा सांग. रीमा नाक मुरडायची. सगळ्यालाच घाण वास येतो म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून म्हणाली, “आता संत्रं.” आग्नेसबायने कढई उतरवली, दाणा दाताखाली फोडला. दाताला तो बरोबर लागला, खुसखुशीत. जिभेवर मात्र गटार.

शनिवारी फ्लोरीने परसात चूल मांडली होती. तिचा नवरा फर्डिनंड लाकडं फोडून देऊन सकाळीच बाहेर पिटाळला गेला होता. शेजारच्या वाडीतली हंसा आली होती. तिचं घर हिंदू, पण तिच्या सासूच्या वेळेपासून ह्या मसाल्यात त्यांचा वाटा असे. रोशनी रजा काढून आली होती आणि आल्यापासून मुकाट धणे पाखडत होती. ह्या पोरीला विस्तवापाशी कशाला आणलंत, असं फ्लोरीने विचारलं. शिकेल, आग्नेसबाय म्हणाली. आणि हातात तो खेळ? तो असला की एका जागी बसते. आमच्या वेळी पोरं मिरच्यांची देठं खुडायची, असं फ्लोरी पुटपुटली आणि खापरी चुलीवर चढवली.

रीमा आजीच्या पायाशी बसली. उजव्या हातात खेळ, डावा हात आजीच्या पदराखाली तिच्या पायाच्या अंगठ्यावर. जिन्नस झाला की अंगठा दाबायचा, असं ठरलं होतं.

धणे तापले आणि आग्नेसबायच्या नाकावर ती घाण आदळली. फ्लॅटमध्ये मूठभर धणे होते, इथे टोपलीभर. पावसाळ्यात घुशी मरून नळीत अडकाव्यात तशी ती घाण. तिने डोळे मिटले, जीभ टाळूला दाबून धरली आणि आतून वर येणारं सगळं गिळलं. बघणाऱ्यांना वाटलं, बायचं लक्ष लागलंय. अंगठा दाबला गेला. हात वर झाला. फ्लोरीने खापरी उतरवली आणि समाधानाने मान हलवली.

जिरं झालं. बडीशेप, तीळ, गहू, हरभरे झाले. एकेक जिन्नस चादरीवरच्या ढिगात जाऊन पडत होता. आग्नेसबायच्या पाठीवरून घाम वाहत होता, आता ती श्वाससुद्धा तोंडाने, चोरून घेत होती. पण हात चुकला नव्हता. निभतंय, तिला वाटलं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

मग खसखस आली. खसखस म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत होणारा जिन्नस. आग्नेसबाय वाट बघत राहिली. अंगठ्यावर काही नाही. अजून काही नाही. खाली पायाशी एक बारीकसा आवाज झाला, ट्रिंग, आणि अस्वलाच्या टाळ्या.

तिने डोळे उघडले. धूर आणि डोळ्यांतलं पाणी ह्यांतून खापरीचा तळ तिला दिसेना. तोंडं मात्र दिसली. हंसाने पदर नाकाला लावला होता. रोशनी सूप धरून फ्लोरीकडे बघत होती. फ्लोरीच्या नाकपुड्या फुगल्या होत्या, डोळे खाली, आणि हात कालथा फिरवतच होता. तिघींच्या चेहऱ्यांवर तीच किळस होती जी तीन महिने आग्नेसबायच्या चेहऱ्यावर होती. आणि तिघी गप्प होत्या, कारण हात वर झाला नव्हता.

आग्नेसबायने हात वर केला. फ्लोरीने खापरी उतरवली, एक शब्द न बोलता ढिगाकडे वळली आणि चादरीवर ती वाकडी करू लागली.

“ओतू नको,” आग्नेसबाय म्हणाली.

बावन्न वर्षांत त्या पाटावरून कोणी बोललं नव्हतं. फ्लोरी तशीच वाकून थांबली.

“करपलीय ना?”

“तुमचा हात वर नव्हता, बाय.”

“हात राहू दे. तुझं नाक काय सांगत होतं?”

फ्लोरीने हंसाकडे पाहिलं. “करपली. कधीचीच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्यापुढे काय बोलू? म्हटलं माझंच नाक चुकत असेल.”

हंसाही म्हणाली की तिला तसंच वाटलं, बायला ह्यातलं जास्त कळतं, ह्या वर्षी जरा कडक भाजत असतील. आणि आग्नेसबायला दिसलं: तिन्ही घरांनी वर्षभर हा कडवट मसाला खाल्ला असता, आमटीत, मटणात, पोरांच्या डब्यात, आणि प्रत्येक घासाला आपल्याच जिभेला दोष दिला असता. तिला पुन्हा किळस आली. ह्या वेळी ती नाकामुळे नव्हती.

“मला वास येत नाही,” ती म्हणाली. “फेब्रुवारीपासून. येतो तो नुसता सडका येतो. सकाळपासूनचे सगळे जिन्नस हिने सांगितले.”

पायाशी रीमा रडायला लागली होती. अंगठ्याऐवजी चुकून खेळातलं बटण दाबलं, असं ती हुंदके देत सांगत होती.

रोशनीने सूप खाली ठेवलं. “म्हणजे मम्मी, माझी फोडणी...”

“चांगलीच असेल. मला कुठे कळतंय.”

रोशनीने सूप पुन्हा उचललं, पण पाखडलं नाही, नुसतं धरून बसली. फ्लोरी मात्र खापरी टेकवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“म्हणजे पास्काच्या सणाला तुम्ही माझ्या पोर्क इंदियालचा घास तोंडातून काढलात आणि रुमालात गुंडाळलात, तो ह्याच्यापायी?”

“तू बघितलंस?”

“सगळ्या टेबलाने बघितलं. मी चार दिवस नीट जेवले नाही, बाय. ह्यांना म्हटलं, डुक्कर ज्याच्याकडून आणता तो बदला.”

“फर्डी काय म्हणाला?”

“बदलला. बाय चुकायची नाही म्हणाला.”

आधी हंसाला हसू फुटलं, तोंडावरचा पदर तसाच धरून. मग फ्लोरीलाही, पण तिच्या हसण्यात राग होता आणि तो लगेच गेला नाही. तीन महिने म्हणे, सांगायला काय झालं होतं, आम्ही काय तुम्हाला पाटावरून ढकलून दिलं असतं? आग्नेसबाय म्हणाली, हो, तसंच वाटलं. फ्लोरीला ते लागलं. ती खापरी घासायला मोरीवर निघून गेली आणि बराच वेळ घासत राहिली.

तेवढ्यात आग्नेसबायने रीमाचं तोंड पदराने पुसलं.

“किती तारे मिळाले?”

“तीन,” रीमा म्हणाली.

“मग झालं. आज एक तरी जिन्नस नीट झाला.”

हंसा नव्या खसखशीसाठी दुकानात गेली. फ्लोरी परत आली, तिने धुतलेली खापरी चुलीवर ठेवली, आणि पाटावरून उठणाऱ्या आग्नेसबायला खांद्याला धरून पाटाशेजारच्या खुर्चीत बसवलं. पाटावर स्वतः बसली. कालथा रोशनीने घेतला.

“करपलं ते मला कळतं,” फ्लोरी म्हणाली. “कधी झालं ते नाही कळत. ते तुम्ही सांगायचं.”

“नाक नाही तर काय सांगू?”

“पोरीला सांगितलंत ना? मलाही सांगा.”

मग त्या परसात, जिथे भाजताना कधी कोणी बोललं नव्हतं, आग्नेसबाय बोलत राहिली. खसखशीला आधी काही नाही, मग ताज्या पावाच्या कडेचा वास, तिथेच सोडायची. दगडफूल म्हणजे विहिरीच्या आतल्या शेवाळलेल्या कडा, त्या सुकायला लागल्या की पुरे. नागकेशराला चर्चमधल्या झग्यांच्या जुन्या कपाटाचा वास यायला हवा, लाकूड आणि मेण. फ्लोरी डोळे मिटून बसली होती. रीमा तिच्या गुडघ्याशी, नाक वर करून. दोघी कधी कधी एकदमच म्हणायच्या, आता. एकदा रीमा आधी म्हणाली आणि फ्लोरीने तिला दटावलं, मग मान्य केलं. सांगताना आग्नेसबायला ते वास आठवत होते, येत नव्हते. नाकात घूस सडत होती आणि तोंडाने ती मेण आणि पाव सांगत होती. दोनदा तिला उठून पेरूच्या झाडामागे जाऊन ओकावं लागलं. ती आली की लोटा पुढे करून फ्लोरी विचारायची, आता मिरे, मिऱ्यांचं काय?

संध्याकाळी बोळिंजला परतल्यावर त्यांच्या कपड्यांना, केसांना, पिशव्यांना मसाल्याचा वास होता, असं केविन म्हणाला. काय मस्त वास आहे, तो म्हणाला. आग्नेसबाय सरळ न्हाणीघरात गेली आणि दोनदा अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी रविवारी, मिस्सा आटोपून आल्यावर, रोशनीने टेबलावर तिच्यापुढे एक वाडगा ठेवला. गार भात, दही, किसलेली काकडी, मीठ. फोडणी नाही. बाकीच्यांचं कोलंबीचं कालवण तिने स्वयंपाकघरातच, दार लावून वाढलं. आग्नेसबायने वाडगा संपवला. दुसऱ्यांदा मागितला.

दुपारी रीमा सोफ्यावर होती. अस्वलाने डाव चाटला, मिशा फेंदारल्या आणि डाव पुन्हा पातेल्यात घातला.

“निदान स्वतः चव घेऊन तरी बघतो,” आग्नेसबाय म्हणाली. मग थोडं थांबून, “पण उष्टा डाव परत त्यातच. घाणेरडा.”

आणि आपली पाळी आली म्हणून तिने खेळासाठी हात पुढे केला.